हिटलर थंडीने हरला नाही

दर रविवारी मी आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत इतिहास शिकवते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी येतात. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली हीच पहिली पिढी. मागच्या रविवारी दुसरं महायुद्ध होतं. फळ्यावर नेहमीचा तक्ता मांडला: मॉस्को, डिसेंबर १९४१. मिडवे, जून १९४२. एल अलामीन, नोव्हेंबर १९४२. स्टॅलिनग्राड, फेब्रुवारी १९४३. कुर्स्क, जुलै १९४३. नॉर्मंडी, जून १९४४. युद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया. परीक्षेत जोड्या लावायला येतात, म्हणून पोरं पाठ करतात.

एका मुलाने हात वर केला. "ताई, हिटलर थंडीमुळेच हरला ना? नाहीतर जग जिंकलंच होतं त्याने."

मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "काही म्हणा ताई, आपल्याला पण तसाच एक पाहिजे. दोन वर्षांत सगळे सरळ होतील."

चार-पाच जण हसले. बोलणारा मुलगा वाईट नाही. त्याचे वडील बिगारी काम करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. रेल्वे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर यशाचा मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं, तिथूनच त्याने ते घेतलं होतं. 'शिस्त', 'कणखर नेता', 'एकट्याने देश उभा केला' एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. त्याला रागावून उपयोग नव्हता. हे युद्ध नेमकं कशामुळे फिरलं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून त्या दिवशी जे बोलले आणि जे बोलायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

आधी थंडीचं बघू. मॉस्कोसमोर १९४१ च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी होती, हे खरं. पण ती दोन्ही बाजूंना सारखीच होती. रशियन सैनिक काही वेगळ्या ऋतूत लढत नव्हते. फरक एवढाच की त्यांच्याकडे हिवाळ्याचे कपडे होते आणि जर्मनांकडे पुरेसे नव्हते. का नव्हते? कारण २२ जून १९४१ ला हल्ला करताना जर्मन सेनानींनी धरलंच होतं की थंडी पडायच्या आत काम आटोपेल. हा हिशेब कशावर केला? स्लाव्ह लोक खालच्या दर्जाचे, त्यांचं राज्य पोकळ, एक धक्का दिला की कोसळेल, या समजुतीवर. सुरुवातीला तसं दिसलंही, कारण स्टॅलिनने हल्ल्याच्या सूचना मानल्याच नव्हत्या आणि आपल्याच अनुभवी सेनाधिकाऱ्यांना त्याने आधीच्या वर्षांत संपवलं होतं. पण ऑगस्टमध्ये जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर आपल्या डायरीत नोंद करतो की आपण शत्रूच्या सुमारे २०० डिव्हिजन धरल्या होत्या, आतापर्यंत ३६० मोजून झाल्या. दरम्यान दीड हजारांहून जास्त कारखाने यंत्रांसकट उचलून रशियन कामगारांनी उरल पर्वताकडे आणि त्याच्याही पलीकडे नेले होते. डिसेंबरमध्ये मॉस्कोसमोर उलटा हल्ला झाला तेव्हा जर्मनांना कळलं की समोरचा माणूस मोजताना आपली चूक झाली होती.

ज्याला आपण माणूसच धरत नाही, त्याची ताकद आपल्याला मोजता येत नाही. जातीच्या समाजात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता युक्रेन घ्या. स्टॅलिनच्या काळात १९३२-३३ च्या दुष्काळात तिथले लाखो शेतकरी उपाशी मेले होते. त्यामुळे जर्मन सैन्य आलं तेव्हा काही गावांनी भाकरी आणि मीठ देऊन त्यांचं स्वागत केलं. शहाण्या सेनापतीने या लोकांना आपल्या बाजूला वळवलं असतं. पण नाझी विचारात त्यांची जागा आधीच ठरलेली होती: जमीन जर्मनांची, राबणारे हे. आधीच्या राजवटीची सामूहिक शेतं त्यांनी मोडलीदेखील नाहीत, कारण धान्य ओरबाडायला तीच सोयीची होती. लाखो तरुण-तरुणींना वेठीने जर्मनीत नेलं. वर्षभरात जंगलं बंडखोरांनी भरली आणि जर्मन रसदीच्या गाड्या रुळांवरून उडू लागल्या.

युद्धकैद्यांचं तर विचारूच नका. संपूर्ण युद्धात जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले, त्यांतले सुमारे ३३ लाख कैदेत मेले. उघड्या माळावर तारेचं कुंपण, अन्न नाही, छप्पर नाही. १९४१-४२ च्या एका हिवाळ्यातच सुमारे वीस लाख गेले. हा काही अपघात नव्हता. हल्ल्याच्या आधीच जर्मन अन्नखात्याने योजना आखली होती की पूर्वेचं धान्य सैन्याला आणि जर्मनीला पुरवायचं आणि त्यापायी तिथले कोट्यवधी लोक उपाशी मरतील हे गृहीत धरायचं. गंमत बघा, १९४२ उजाडताच त्याच जर्मनीला कामगार कमी पडू लागले आणि मग साऱ्या युरोपभर माणसं पकडत फिरण्याची पाळी आली. आदल्या हिवाळ्यात ज्यांना मारलं, तेच हात आता हवे होते.

स्टॅलिनग्राडकडे येऊ. या लढाईवर सिनेमे निघाले, पुस्तकं निघाली. शहरातली घराघरांतली झुंज सगळ्यांना माहीत असते. पण जर्मन सहावी सेना अडकली ती शहरात नव्हे, शहराच्या दोन्ही बगलांना. तिथे जर्मनीचे दोस्त रुमानियन सैनिक उभे होते. दोस्त, पण खालच्या पायरीवरचे. रणगाडे फोडायच्या चांगल्या तोफा जर्मनांना आधी, यांना उरल्यासुरल्या. त्यांचे अधिकारी सांगत राहिले की समोर शत्रू जमा होतोय, आमच्याकडे काही नाही. वरच्यांनी ते गांभीर्याने घेतलं नाही. १९ नोव्हेंबर १९४२ ला उत्तरेकडून आणि २० नोव्हेंबरला दक्षिणेकडून सोव्हिएत रणगाडे नेमके तिथेच घुसले. चार दिवसांत वेढा पूर्ण झाला. आत अडीच लाखांवर माणसं सापडली. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटच्या तुकड्यांनी शस्त्रं ठेवली, तेव्हा सुमारे ९१ हजार उरले होते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. साध्या भाषेत उतरंड. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर, आणि खालचं मडकं तडकलं तर वरचं ते उतरून बघत नाही. उतरंड कोसळते ती नेहमी खालून.

राहिलं 'मेरिट'. हा शब्द आपल्या पोरांना कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून ऐकावा लागतो. हिटलर सत्तेवर आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, एप्रिल १९३३ मध्ये, कायदा झाला आणि ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून व विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. आइन्स्टाइन परतलेच नाहीत. गटिंगनमधून मॅक्स बोर्न गेले. लिझे माइटनर यांना १९३८ मध्ये बर्लिनहून पळून जावं लागलं. इटलीतही वंशाचे कायदे आले तेव्हा एन्रिको फर्मी ज्यू पत्नीला घेऊन अमेरिकेला गेले. जगातल्या उत्तम भौतिकशास्त्रज्ञांना त्या राजवटींनी स्वतःच्या हाताने शत्रूच्या घरी पोहोचवलं. त्यांतल्या काहींच्या बुद्धीतून पुढे अणुबाँब झाला आणि हिरोशिमा-नागासाकी बेचिराख झाली, ही काही मिरवण्याची गोष्ट नाही. त्या बाँबसाठीचं बरंचसं युरेनियम बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोच्या खाणीतून आलं, काळ्या मजुरांच्या हातांनी. त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. पण गुणवत्ता जन्मावर ठरते असं मानणाऱ्या देशाची स्वतःची विद्यापीठं कशी ओस पडतात, याचा याहून ठळक दाखला मला तरी माहीत नाही.

आणि १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे. तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू. ज्यू आणि जर्मन यांच्यात लग्न नाही, संबंध नाही. केलं तर तुरुंग. मी मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "लग्न कुणाशी करायचं हे आजोबाच्या जन्मावरून ठरवणारा कायदा तुला ओळखीचा वाटतो का?" तो गप्प झाला. त्याच्या मामेबहिणीने जातीबाहेर लग्न केलंय. ती तीन वर्षं गावाला गेलेली नाही. मग मी त्याला सांगितलं, ज्या रांगेचा शेवट छळछावण्यांत आणि साठ लाख ज्यूंच्या कत्तलीत झाला, त्या रांगेची सुरुवात अशा कायद्यांनी झाली होती. तसा माणूस आपल्याकडे आला, तर त्या रांगेत तू आणि मी कुठे उभे असू?

इथे एक कबूल केलं पाहिजे. केवळ वंशाच्या गर्वामुळे जर्मनी हरली असं म्हणणं अर्धवट होईल. तिच्याकडे तेल कमी होतं. अमेरिकेच्या कारखान्यांपुढे तिचे कारखाने अपुरे होते. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक या युद्धात मेले, एवढी किंमत मोजून ती थोपवली गेली. पण तेल, पोलाद आणि माणसं यांचा हिशेब युद्धाआधीही कागदावर होताच. तो बघूनही हल्ला करण्याचं धाडस आलं ते आपण श्रेष्ठ आहोत या खात्रीतून.

आणि जिंकणारे काही समतेचे पुजारी नव्हते. उतरंड त्यांच्याही घरात होती, आणि तीही कोसळली. जपानी लोकांना नीट विमान चालवता येत नाही अशा गप्पा मारणाऱ्या इंग्रजांनी १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर गमावलं. आपल्यापेक्षा निम्म्याहून कमी सैन्यापुढे सुमारे ऐंशी हजार सैनिकांनी शस्त्रं टाकली. त्याआधी डिसेंबरात पेनांग सोडताना त्यांनी गुपचूप फक्त युरोपियनांना बोटीत बसवलं. तिथले भारतीय, चिनी, मलाय बाँबखाली राहिले. ब्रह्मदेश पडला तेव्हा चार लाखांवर भारतीय डोंगर-जंगलांतून पायी निघाले. त्यांत तेलुगू, तमिळ, उडिया मजूर फार मोठ्या संख्येने होते. गोऱ्यांच्या वाटेवर सोयी वेगळ्या, काळ्यांच्या वाटेवर वेगळ्या. वाटेत हजारो माणसं पटकी, हिवताप आणि भुकेने मेली. अमेरिकेत तर जखमी सैनिकांसाठीचं रक्त काळ्या आणि गोऱ्या दात्यांचं वेगवेगळं ठेवत. पाण्याचे वेगळे माठ बघितलेल्या माणसाला यावर भाष्य करायची गरज पडत नाही.

तक्त्यातल्या प्रत्येक तारखेच्या मागच्या पानावर ही माणसं आहेत. स्टॅलिनग्राडचा वेढा पडला त्याच सुमाराला बंगालमध्ये दुष्काळाची तयारी झाली होती. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ मध्ये सरकारने किनारी बंगालमधल्या हजारो होड्या जप्त केल्या, तांदूळ उचलला. मग वादळ आलं, भाव भडकले. कलकत्त्यात युद्धाच्या कारखान्यांतल्या आणि सरकारी नोकरांना स्वस्त धान्य मिळालं. खेड्यातला भूमिहीन शेतमजूर, मासेमार, नावाडी, विणकर मेला. वीस ते तीस लाख माणसं. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की १९४३ चा धान्यसाठा आधीच्या वर्षांपेक्षा फार कमी नव्हता. कमी होती ती या लोकांची धान्य विकत घ्यायची ताकद. हे मरणारे कोणत्या जातींचे आणि कोणत्या थरातले होते, हे त्यांच्या धंद्यांवरूनच कळतं.

सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचंही तसंच. जपान्यांनी १९४२-४३ मध्ये ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जंगलातून बांधून घेतला. तिथे राबलेल्या गोऱ्या युद्धकैद्यांवर गाजलेला सिनेमा आहे. त्यांतले बारा हजारांवर मेले, आणि त्यांच्या थडग्यांवर नाव-गाव कोरलेलं आहे. त्याच मार्गावर मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर, ब्रह्मी, मलाय, जावाचे लोक राबले. मेलेल्यांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास सांगतात. अंदाज, कारण कुणी मोजलंच नाही. मळ्यांवर गेलेल्या त्या तमिळ कुटुंबांत दलित फार होते. जात चुकवायला समुद्र ओलांडला, आणि शेवटी नावाशिवाय पुरले गेले.

आता आपल्या घराजवळ येते. या युद्धात आपल्यासाठी दारं उघडली, पण ती कशी उघडली ते नीट बघायला हवं.

इंग्रजांच्या फौजेत एकेकाळी महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे 'लढवय्या जाती'चं शास्त्र निघालं आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. मजहबी शिखांच्या पायोनियर पलटणींचं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच झालं. मग दुसरं महायुद्ध आलं. दोन लाखांची भारतीय फौज पंचवीस लाखांवर न्यायची होती. लढवय्या जाती पुरेनात. तेव्हा बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मजहबी आणि रामदासी शिखांची पलटण परत आली. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली, आणि १९४६ मध्ये मोडली गेली. काल ज्यांच्या रक्तात शौर्य नव्हतं, त्यांच्या रक्तात ते गरजेपुरतं आलं आणि गरज सरताच गेलं!

गरज उलटीही फिरते. कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये बायकांनी जमिनीखालच्या खाणीत काम करण्यावरची बंदी उठवली गेली. तेव्हा मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेबच होते. समान कामाला समान मजुरी या अटीवर त्यांनी या निर्णयाची विधिमंडळात बाजू मांडली. १९४६ मध्ये बंदी परत लागू झाली. खाणीत उतरलेल्या बायका बहुतेक आदिवासी आणि दलित होत्या. हेही आपण झाकून ठेवू नये. युद्धाची गरज ज्याला फौजेत बोलावते, त्याच्याच बहिणीला खाणीत उतरवते.

म्हणूनच बाबासाहेबांचं त्या काळातलं वागणं मला फार मोलाचं वाटतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये, स्टॅलिनग्राडचा वेढा पडला त्याच महिन्यात, मुंबई आकाशवाणीवरून त्यांनी कामगारांना सांगितलं की हे युद्ध जिंकलंच पाहिजे, कारण नाझी विचार स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्वाच्या मुळावर घाव घालतो. पण केवळ जुनं जग परत आणायला त्यांचा पाठिंबा नव्हता. त्याच्या आधीच्याच महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयकडे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं होतं. गोड शब्दांवर त्यांनी समाधान मानलं नाही, लेखी मागितलं. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी पहिल्यांदा ठरावीक टक्का, ८.३३, राखून ठेवण्याचा आदेश निघाला. आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

अमेरिकेत फिलिप रॅन्डॉल्फ या काळ्या कामगार पुढाऱ्याने हेच केलं. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा देऊन त्याने रूझवेल्टकडून युद्धाच्या कारखान्यांत वर्णभेद न करण्याचा आदेश लिहून घेतला. त्या आदेशावर देखरेख करणारी समिती १९४६ मध्ये गुंडाळली गेली. मग पुन्हा दबाव आणून १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश मिळवावा लागला. गरजेतून मिळालेली जागा गरजेबरोबर जाते, हे त्यालाही कळलं होतं.

पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आज आपल्यालाही अनेक ठिकाणी 'गरजेपुरतं' घेतलं जातं. अकरा महिन्यांचा करार, तासिका तत्त्व, बाह्यस्रोत. माणूस कमी पडला की आपली आठवण येते, काम संपलं की आपली गुणवत्ता संपते. ती १९२१ ची पलटण आहे. तिच्यात भरती व्हायला हरकत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण तिथे असतानाच हक्काचं लेखी मागत राहिलं पाहिजे, कारण नंतर कुणी ऐकत नाही.

तास संपता संपता मी फळ्यावरच्या तक्त्यात एक ओळ वाढवली: १९४४, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. परीक्षेत ही जोडी येणार नाही, हे सांगून टाकलं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "ताई, माझा यंदाचा हप्ता अजून आला नाही."

मी म्हटलं, "मग उद्या अर्ज लिहू. पोच घेऊन ये."